उताण्या आरशांची खंडेनवमी

आरसे उताणे करा, असं मीच म्हटलं होतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे मध्येच माझा विचार बदलायला नको.

पनवेलहून नेऱ्याच्या पुढे गेलं की डाव्या हाताच्या माळावर आमचा प्लांट आहे. आमचा म्हणजे माझे बाबा तिथे ऑपरेटर आहेत म्हणून आमचा. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी राक्षसाच्या घराच्या पन्हळी काढून ओळीने मांडून ठेवल्यात. अशा चार ओळी, एकेक आमच्या शाळेच्या मैदानाएवढी लांब. पन्हळीच्या आत आरसे आणि आरशांच्या वर, मधोमध, एक काळी पोलादी नळी, तिच्यावर काचेचं आवरण. आरशांवर पडलेलं सगळं ऊन त्या एका नळीवर गोळा होतं. नळीत एका टोकाने साधं पाणी शिरतं आणि दुसऱ्या टोकाने वाफ बाहेर पडते. ती वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन वीज करतं. झालं! बाकीच्या बऱ्याच ठिकाणी म्हणे नळीतून तेल फिरवतात आणि त्या तापलेल्या तेलाने दुसरीकडे पाणी उकळतात. आमच्याकडे तेल नाही. पाण्याची वाफ नळीतच.

"तेल गळलं तर दिसतं," प्लांटच्या इंजिनीअर नीता मॅडम म्हणाल्या होत्या. "आपली वाफ गळली तर दिसत नाही. केटलीतून पांढरं निघतं ना, ती वाफ नव्हेच. ते थंड झालेलं पाणी. खरी तापलेली वाफ समोर असली तरी तुला पलीकडचा डोंगर स्वच्छ दिसेल."

"मग कळणार कसं?"

मॅडमनी चिंधीमावशीकडे बोट दाखवलं.

चिंधीमावशी पलीकडच्या वाडीतली. प्लांटचे आरसे धुण्याचं काम तिचं. तिच्याकडे एक लांब बांबू होता, त्याच्या टोकाला खराटा बांधलेला. नळीला कुठे सांध्यात शिट्टी वाजतेय अशी शंका आली की कुणीही नुसतं पुढे जायचं नाही. आधी खराटा पुढे धरायचा, मग आपण. वाफ असेल तर खराट्याचे हीर वस्तऱ्याने कापल्यासारखे उडतात.

"आदी खराटा जातो," मावशीने मला शिकवलं होतं. "मंग मानूस. खराटा बांदता येतो परत, तुला कोन बांदनार?"

मी हसले होते. तेव्हा मी सगळ्यालाच हसत होते. त्याला कारण होतं. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. मी, संजना भरत पाटील, जिने नववीपर्यंत वर्गात 'हजर' सोडून दुसरा शब्द मोठ्याने उच्चारला नव्हता! पुठ्ठा, चंदेरी कागद आणि फ्रिजवाल्याकडून आणलेली तांब्याची नळी यांचा मी छोटा प्लांट केला, त्याच्या वाफेने पत्र्याची चकती फिरवली, आणि परीक्षकांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला फाडफाड उत्तर दिलं. त्या दिवशी घशातलं बूच निघालं ते निघालंच. रिक्षात, बाजारात, जेवताना, मी बोलतच सुटले. चिंधीमावशीने माझं नाव 'भोंगा' ठेवलं. "आला गो भोंगा," माळावर मी दिसले की ती ओरडायची, आणि मी दुसऱ्या टोकाहून "मावशीऽऽ" करायचे, की ती हातातलं टाकून ओळींच्या मधल्या वाटेने सरळ माझ्याकडे येणार. खाऊ असायचा ना माझ्याकडे बहुतेक वेळा.

खंडेनवमीला प्लांट बंद होता. नीता मॅडम आदल्या दिवशीच पुण्याला घरी गेल्या. नळ्यांमधलं पाणी सोडून दिलेलं, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केलेले, आणि नियमाप्रमाणे चारही ओळी पालथ्या, म्हणजे आरशांचं तोंड जमिनीकडे. काम नसलं की आरसे असेच झोपवतात.

पूजेचं सगळं दिनानाथकाकांकडे. ते फोरमन, चाळीस वर्षं निरनिराळ्या कारखान्यांत गेलेली, आणि खंडेनवमीच्या बाबतीत एकदम कडक. ऑफिसच्या पडवीत सतरंजी घालून त्यांनी हत्यारं मांडली होती. पाने, पक्कड, हातोडे, आरसे हाताने फिरवायचं लोखंडी हँडल, मावशीचे ब्रश, आणि आडवा ठेवलेला तो बांबूचा खराटासुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल.

"आज हत्याराला हात लावायचा नाय," काकांनी बजावलं. "वरीसभर राबतान. एक दिस झोपू द्या. उद्या सोनं लुटलं का मंग उचला."

मी माळा घेऊन पहिल्या ओळीपाशी गेले आणि बघते तर काय, समोर नुसत्या पत्र्याच्या पाठी!

"काका, हे काय? आरशाची पूजा पाठीला करणार? देवाला कुणी पालथं घालून कुंकू लावतं का?"

काका थबकले. "पोरीचं बरोबर हाय, भरत."

बाबांनी डोकं खाजवलं. "मॅडमना फोन करू का?"

"कशाला?" मी म्हटलं. "पाणी नाही, पंप नाही. फक्त एक ओळ. आणि सूर्य तर बघा कुठंय, अजून डोंगराच्या बाजूला. आरसे सरळ आकाशाकडे केले तर नळीवर ऊन येणारच नाही. फोकस लागायला आरशांनी सूर्याकडे बघावं लागतं."

हे सगळं खरं होतं. साडेनऊ वाजता अगदी खरं होतं. बाबांच्या चेहऱ्यावर ते प्रदर्शनातलं कौतुक आलं. त्यांनी पॅनेलवर पहिली ओळ ऑटोवरून काढून हातच्या बटणावर टाकली आणि म्हणाले, "दाब तू."

मी दाबलं. मोटर घरघरली, आणि ती अख्खी ओळ झोपेतून उठल्यासारखी सावकाश वळत वळत आकाशाकडे तोंड करून थांबली. मावशीने दोन दिवस घासघासून आरसे असे लख्ख केले होते की त्यांच्यात उडणारी घारसुद्धा दिसत होती. आम्ही कुंकू लावलं. काकांनी नळीच्या आधाराच्या खांबांवरून झेंडूच्या माळा सोडल्या. मग मेन स्विच खाली ओढून वीज बंद केली, त्यालाही कुंकू, त्यालाही माळ.

नारळ फुटला. शिऱ्याचा प्रसाद वाटला. पहिली ओळ परत पालथी करायला हवी होती, पण स्विचला माळ पडली होती, आणि तेवढं ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही.

ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय ते माळावर येऊन बघावं. झाड नाही, झुडूप नाही. सावली फक्त उताण्या पन्हळीखाली; पालथ्या ओळींखाली शिरायला जागा नसते. चिंधीमावशी प्रसादाची ताटली आणि डबा घेऊन पहिल्या ओळीच्या पार शेवटी गेली. पहाटेपासून उठलेली होती, जेवून तिथेच कलंडली. बाबा आणि काका पडवीत बसले.

मी काय करत होते? व्हिडिओ. मैत्रिणींसाठी. मोबाईल समोर धरून, पाठीमागे आरसे घेऊन, एकदम टीव्हीवरच्यासारखी.

"तर मैत्रिणींनो, हे आरसे दिवसभर सूर्याच्या मागे मागे फिरतात. सकाळी पूर्वेकडे झुकतात, संध्याकाळी पश्चिमेकडे, आणि दुपारी..."

दुपारी ते सरळ वर बघतात.

मी बोलायची थांबले. मोबाईलच्या पडद्यावर माझ्या खांद्यामागे एक पांढरी रेघ दिसत होती. मी वळले. आधाराच्या खांबावर उजेडाचा एक पट्टा पडला होता, वीतभर रुंद, बघवत नाही इतका पांढरा. तो नळीच्या जरासा खाली होता. मी तिथेच उभी राहून बघत राहिले, आणि तो हलला. घड्याळाचा तास-काटा हलताना दिसत नाही ना, तसं नव्हतं ते. हा दिसत होता.

आरसे सूर्याकडे गेले नव्हते. सूर्य आरशांकडे येत होता.

मोबाईलवर बारा सतरा. आमच्याकडे सूर्य बरोबर बाराला डोक्यावर येत नाही, हे मॅडमनी शिकवलं होतं. ऑक्टोबरात येतो बारा चोवीसला. सात मिनिटं. आणि नळी रिकामी, म्हणजे तिची उष्णता घेऊन जायला आत काहीच वाहत नव्हतं. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद. पाणी सोडलं तरी सांध्यांच्या खोलगट जागी तांब्याभर राहतंच. तेवढ्याची वाफ झाली तर ती जाणार कुठे? जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे होता.

मी धावत पडवीत आले. "बाबा, स्विच! पहिली ओळ पालथी करा! आत्ता!"

"अगो आता गं?" दिनानाथकाका उठलेसुद्धा नाहीत. "सकाळी पालथे नको म्हनलीस, आता उताने नको म्हनतेस. आरसे हायत का पापड?"

"काका, ऊन नळीवर येतंय!"

"पूजा मांडलीय. मेनला हात नाय लावायचा. माझ्या आदीच्या कारखान्यातल्या काशिरामला विचार, पूजेतला पाना उचललान आनि आठ दिसांत बोट गेलं त्याचं."

"काका, मी सांगतेय ना—"

"तू लय सांगतेस हल्ली."

बाबा मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. मी वळले. नळीशेजारच्या पहिल्या झेंडूच्या माळेतून धूर निघत होता. बारीक, सरळ, वारा नसल्यामुळे अजिबात न डुलणारा. मग दुसऱ्या माळेतून. मग तिसऱ्या. ओळीने, उदबत्त्या लावल्यासारखा.

टक्, असा आवाज आला. मग जरा वेळाने परत, टक्. आतून कुणी बोटाने वाजवावं तसा.

बाबा उठले. "मेन टाकला तरी कॉम्प्युटर चालू व्हायला पाच मिनटं जातील," ते स्वतःशीच म्हणाले, आणि वाकून त्यांनी सतरंजीवरचं हँडल उचललं. झेंडूचं फूल खाली पडलं.

"भरत!" काका ओरडले.

"दोन अंश फिरवला तरी पुरे," बाबा धावताना म्हणाले. मोटरचा खांब ओळीच्या मध्यावर होता. हँडलच्या वीस फेऱ्या माराव्या तेव्हा कुठे आरसा एक अंश हलतो, हे मला माहीत होतं. मग ते पळतापळताच वळले. "संजू, चिंधी कुठं हाय?"

चिंधीमावशी ओळीच्या टोकाला होती. बाबांच्याही पुढे. पन्हळीखाली, झोपलेली.

शिट्टी तेव्हाच सुरू झाली. फार मोठी नव्हती. डासाच्या गुणगुणीसारखी बारीक, पण तिला दिशाच नव्हती. सगळ्या माळावरून येत होती. आणि दिसत होतं काय? काही नाही. निळं आकाश, लख्ख आरसे, पलीकडे डोंगर अगदी स्वच्छ.

मी सतरंजीवरचा खराटा उचलला.

"ठेव तो!" काका माझ्यामागे धावले. "पोरी, ठेव, अवदसा आठवली का तुला!" पण धावताना त्यांचं लक्ष नळीकडे गेलं असावं, कारण पुढचं ते काही बोलले नाहीत. खालून तापून नळीला मधोमध झोळ पडला होता, दोरीवर ओलं लुगडं टाकल्यासारखा. काचेच्या आवरणावर केसासारखी एक चीर चालत गेलेली दिसली.

बाबा मोटरच्या खांबाशी हँडल फिरवत होते. त्यांच्याजवळून मी पुढे गेले, पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधल्या वाटेने, खराटा समोर धरून. आधी खराटा, मग माणूस. दहा पावलं. काही नाही. वीस पावलं. शिट्टी आता कानात सुई घातल्यासारखी. पन्हळीखाली मावशीचे पाय दिसले, डबा वाटेच्या कडेला.

आणखी दोन पावलं, आणि खराटा नाहीसा झाला.

म्हणजे बांबू हातात होता. पण टोकाचे हीर सटासट तुटून दुसऱ्या ओळीच्या पाठीवर जाऊन आपटले. मी बांबू मागे ओढला. माझ्या गुडघ्यांपासून छातीपर्यंत, वाटेच्या आरपार, काहीतरी होतं. त्यातून मला मावशीची निळी साडी दिसत होती. साडीची किनारही दिसत होती.

मावशी हलली. शिट्टीने तिची झोप मोडली होती. ती उठून बसली, पाठ माझ्याकडे, इकडेतिकडे बघत.

मी तोंड उघडलं. "मावशी" हा शब्द ओठांपर्यंत आला होता. आणि मला कळलं की हाक मारली तर ती काय करेल. तीच करेल जे नेहमी करते. उठेल आणि वाटेने सरळ माझ्याकडे येईल.

मी तोंड मिटलं.

मागे दिनानाथकाका पोचले होते. त्यांनी श्वास घेतला, "चिं—", आणि मी हातातला बांबू टाकून दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबलं. चाळीस वर्षं कारखान्यांत मुरलेला फोरमन! त्यांचे डोळे एवढे मोठे झाले. मी मान हलवली, आणि खाली पडलेला तुटका खराटा नजरेने दाखवला. त्यांना समजलं. मी हात काढले आणि बांबू उचलला.

मग मी दहाएक पावलं मागे आले, खाली बसले आणि पहिल्या ओळीच्या खालून पलीकडे, कुंपणाच्या बाजूला सरपटत गेले. तिकडून पुढे निघाले, मोडका खराटा पुढे. उरलेले दोनचार हीर शाबूत राहिले. या बाजूला वाफ नव्हती. मी ओणवी होऊन मावशीच्या मागे पोचले. हाक न मारता तिचा घोटा धरला. तिने मला लाथ मारली, चांगली खांद्यात बसली. "कोन रं!" मी तोंडावर बोट ठेवलं आणि तिला कुंपणाकडे ओढलं. भोंगा गप्प आहे, हे बघूनच ती घाबरली असणार. ती यायला लागली. अर्धी आली. आणि मग म्हणाली, "माजा डबा."

तिने मागे हात केला. वाटेच्या बाजूला, डब्याकडे.

तिला काही झालं असं दिसलंच नाही. हात हवेत होता, बस. ती त्याच्याकडे बघत राहिली, हा कुणाचा हात आहे असं वाटून बघावं तशी. मग ती ओरडली.

मी तिला दोन्ही काखांत धरून कुंपणापर्यंत फरफटत नेलं. मागे काच फुटल्याचा आवाज झाला, लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग सांधा सुटला. आता मात्र सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यातून बाबा खोकत बाहेर आले, हँडल अजून हातात. आरसा दोन अंश फिरला होता. ऊन नळीवरून उतरलं होतं. मोबाईल मी कुठे टाकला होता कुणास ठाऊक, पण माझा व्हिडिओ चालूच होता, आणि मोबाईल सापडला तेव्हा त्यात पंचवीस मिनिटं नुसतं आकाश होतं आणि ती शिट्टी.

नीता मॅडम संध्याकाळी पुण्याहून परत आल्या. त्यांनी विचारलं, "ओळ उताणी कुणी केली?"

"मी," बाबा म्हणाले.

"मी," मी म्हटलं. "सांगितलं मी आणि बटणही मीच दाबलं."

सतरंजी अजून तशीच होती, हँडलची जागा रिकामी आणि खराट्याची जागा रिकामी. दिनानाथकाका त्या दोन जागांकडेच बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते वाडीत आणि गावात सगळ्यांना तेच सांगत फिरले, पूजेतून हत्यार उचललं म्हणून झालं. पुष्कळांना ते पटलंही.

मॅडम फुटक्या ओळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "वीज गेली तर काय करायचं ते लिहिलंय मी," त्या म्हणाल्या. "वादळ आलं तर लिहिलंय. पंप बंद पडला तर, आग लागली तर, सगळं. खंडेनवमीला काय करायचं ते लिहिलं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि बाकीच्या तीन ओळींचे सांधे याच बनावटीचे आहेत."

चिंधीमावशीला पनवेलच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी मला आत सोडलं. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरं बँडेज, उशीवर ठेवलेलं, तिच्यापासून वेगळं काहीतरी असल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, दोन बोटांचं नक्की सांगता येत नाही.

मी स्टुलावर बसले.

"काय गो भोंग्या," मावशीच म्हणाली. "येवढी ओरडतेस एरवी. त्या दिशी आवाज का नाय दिलास मला?"

मी सांगितलं. वाफ कुठे होती, ती कशी दिसत नव्हती, हाक मारली असती तर ती कुठून आली असती, सगळं. मग बटणाचंही सांगितलं, कारण ते तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. खिडकीतून ऊन तिच्या बँडेजवर आलं होतं. तिने हात सावकाश उचलला आणि सावलीत ठेवला.

"मंग सकाळी पन गप ऱ्हायची व्हतीस," ती म्हणाली.

आणि मी आणलेल्या चहासाठी दुसरा हात पुढे केला.